डेव्हिलला वाढणारी

गुरुवारी सकाळी आठ वाजता गौतमी ओव्हाळ शीतखोलीचं जाड दार उघडते, आतली मेलेली वॉलबी ढकलगाडीवर घेते आणि मांसखोलीतल्या स्टीलच्या टेबलावर आडवी करते. वॉलबी म्हणजे कांगारूची धाकटी पाती. दक्षिणेला वायमातेच्या बाजूला ती रानभर माजली आहे, शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप झाली आहे, आणि शिकारी ती मारून क्राइस्टचर्चबाहेरच्या या छोट्या प्राणिउद्यानाला आणून देतात. गौतमी आधी पायाला बांधलेली चिठ्ठी वाचते: कुणी मारली, कुठे मारली, त्या रानात विष टाकलेलं होतं का. मग गोळी लागलेल्या जागेभोवतीचं वीतभर मांस कापून वेगळं काढते, कारण शिशाचा कण पोटात गेला तर खाणारा आजारी पडतो. मग काळीज काढून उजेडात बघते. एवढं झाल्यावरच सुरा खऱ्या कामाला लागतो. मागचा अख्खा पाय, हाडं, कातडी आणि केसांसकट, डॉटसाठी. डॉट म्हणजे इथली टास्मानियन डेव्हिल, लहान कुत्र्याएवढी पिशवीवाली मांसाहारी मादी. वय पाच, वजन सात किलो, स्वभाव अत्यंत वाईट.

हे वाचून कुणाला किळस आली असेल तर त्याने घोटभर पाणी प्यावं आणि पुढे वाचावं. गौतमीला या कामाची लाज वाटत नाही, आणि सांगणाऱ्यालाही नाही. तरी चार वर्षं तिने हे काम एका माणसापासून लपवलं होतं. तिचे सासरे यादवराव पुण्याहून फोनवर विचारायचे, "काय ग, कुठल्या खात्यात आहेस?" ती म्हणायची, "आहार विभागात, नाना." ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं, आणि एरवी कुणाच्या बापाला न भिणाऱ्या या बाईला ते मनातून खात होतं.

गौतमी अंबरनाथची. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, कॉलेज उल्हासनगरला, विषय प्राणिशास्त्र. तिच्या पाठ्यपुस्तकात पिशवीवाल्या प्राण्यांना मिळून दीड पान होतं, आणि त्यातलं सव्वा पान कांगारूने अडवलं होतं. उरलेल्या जागेत एक काळपट, बसक्या बांध्याचा, जबडा वासलेला प्राणी, म्हणजे हाच डेव्हिल, आणि खाली एक शब्द: मांसाहारी. गौतमीने वर्गात हात वर केला. पोटाच्या पिशवीत पिल्लं सांभाळणारी आई मांस खाते, मग शिकारीला जाताना पिल्लांचं काय करते? बाई म्हणाल्या, परीक्षेला येत नाही. त्या एका वाक्याने गौतमी पेटली. परीक्षेला न येणारं सगळं तिने त्या वर्षी लायब्ररीत बसून वाचून काढलं. परीक्षेला येणाऱ्या गोष्टींत मात्र जेमतेम पास झाली.

लग्न झालं, मुलगी झाली, आणि नवरा मैत्रेय भूकंपानंतर क्राइस्टचर्चमध्ये पडलेल्या इमारती पुन्हा उभ्या करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला. तिथल्या हॉर्नबी उपनगरात घर घेतलं. गौतमीने आधी सुपरमार्केटात फळ्यांवर डबे रचले. मग रविवारी प्राणिउद्यानात फुकट झाडू मारायला जाऊ लागली. मग तिथलाच प्राणिपालनाचा कोर्स केला, वर्गातल्या सगळ्या पोरापोरींहून पंधरा वर्षांनी मोठी असताना. चार वर्षांपूर्वी ती कायम झाली आणि तिने स्वतः होऊन पिशवीवाल्या मांसाहारींचा विभाग मागून घेतला. तो विभाग कुणालाच नको होता. डॉटला वास येतो, डॉट किंचाळते, आणि डॉटचं ताट तयार करायला सुरा लागतो.

दुपारी दोनला डॉटला वाढायची वेळ, आणि त्याच वेळी कुंपणाशी उभं राहून गौतमी लोकांना माहिती देते. न्यूझीलंडमध्ये हे काम म्हणजे उलट्या वाऱ्यात सायकल चालवणं. या देशात मुळात पिशवीवाला प्राणी एकही नाही, आणि बाहेरून आणलेला पॉसम नावाचा पिशवीवाला इथल्या झाडांचा आणि पाखरांचा वैरी ठरला आहे. त्यामुळे दर दोन दिवसांनी कुणीतरी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेला गृहस्थ विचारतोच, पॉसमचा हा भाऊ कशाला पोसता? गौतमी हसून म्हणते, तुमच्या वैऱ्याला केसांसकट खाते ती, तुमच्याच बाजूची आहे. लोक हसतात. मग ती त्यांना सोडत नाही.

तुम्हाला वाटतं हे सगळे एकसारखे उंदीर, ती म्हणते. अहो, हे एवढं मोठं खटलं आहे! यातली सगळ्यात धाकटी प्लॅनिगेल, तुमच्या खिशातल्या वीस सेंटच्या नाण्याएवढं वजन, पण स्वतःएवढ्या टोळाच्या मानेला जाऊन भिडते. जाड शेपटीची डनार्ट सुगीच्या दिवसांतली चरबी शेपटीत साठवते आणि दुष्काळात त्यावर काढते. कोवारी वाळवंटात राहते. क्वोलच्या अंगावर पांढरे ठिपके, झाडावर चढून पाखरं धरते. नंबॅट मांसाहारी म्हणवते आणि दिवसाला वीस हजार वाळव्या चाटून पोट भरते. अँटेकिनसचे नर तर एका मोसमात संसार उरकून सगळेच्या सगळे मरतात, एक उरत नाही. आणि अंगावर पट्टे असलेला वाघासारखा थायलासीन, यांच्यातला सगळ्यात मोठा, तो माणसाने मारून मारून संपवला. शेवटचा १९३६ साली पिंजऱ्यात मेला. इथे गौतमीचा आवाज चढतो. मेंढ्या खातो म्हणून त्याला मारलं, घाण खाते म्हणून हिला डेव्हिल म्हटलं. ही मेलेलं खाते म्हणून रान स्वच्छ राहतं. तांदळाच्या दाण्याएवढी वीस-तीस पिल्लं होतात हिला, आणि सड चारच. जी चार पोहोचली ती जगली. त्यातली ही एक आहे, हिला नाव ठेवायच्या आधी जरा विचार करा.

लोक टाळ्या वाजवतात. एवढ्यात डॉट हाड फोडते, आणि तो आवाज ऐकून पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकतात.

यादवराव ऑगस्टमध्ये आले. वय ऐंशी, पाठ ताठ, कोट इस्त्रीचा. पोस्टात कारकून म्हणून लागले आणि पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. सहा महिने राहणार होते, आणि पुन्हा एवढा प्रवास जमणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि घरातल्यांनाही. गौतमीचा त्यांच्यावर जीव होता. लग्नानंतर ती पुढे शिकायचं म्हणाली तेव्हा चार नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली होती. यादवरावांनी त्या चौघांना चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तिचा फॉर्म आणला होता. आजही त्यांना जय भीम घालताना ती वाकायची आणि ते म्हणायचे, "वाकू नको, सरळ उभी राहून म्हण."

अशा माणसापासून मेलेली वॉलबी लपवायचं कारण त्यांच्या गावात होतं. सांगलीकडचं गाव, महारवाडा ओढ्यापलीकडे. गावात ढोर मेलं की पाटलाचा गडी वेशीतून हाक मारायचा, नाव घेऊन नाही, "ए" एवढंच. यादवरावांचे वडील जेवत असले तर ताटावरून उठायचे. आठ-नऊ वर्षांचा यादव दोराचं शेवटचं टोक धरायचा. त्याच्या अकराव्या वर्षी महारवाड्याने बुद्ध वंदना म्हटली आणि ठरवलं, उद्यापासून कुणी ढोर ओढणार नाही. तीन जनावरं वेशीबाहेर सडली. गावाने दळण बंद केलं, वाट बंद केली, रात्री येऊन यादवरावांच्या वडिलांचा हात मोडला. तरी ती जनावरं कुणी ओढली नाहीत. "आपलं घर त्या न ओढलेल्या ढोरावर उभं आहे," यादवराव सांगायचे, दर एप्रिलला, आणि घरातलं लहान मूल ते ऐकताना शहाण्यासारखं गप्प बसायचं.

आता ह्या घरातल्या सुनेने परदेशात येऊन काय काम धरलं होतं? सांगायला तिची जीभ रेटली नाही.

ते सांगितलं अकरा वर्षांच्या लेकीने, धम्मदीनाने. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती आजोबांना टॅबवर शाळेच्या सहलीचा व्हिडिओ दाखवत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना इंग्रजीच येतं. "लुक आजोबा, दॅट्स मम! शी चॉप्स अप द डेड वॉलबीज हरसेल्फ. लाइक, द होल बॉडी. माय फ्रेंड्स थिंक इट्स हीप्स कूल."

यादवरावांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा लावायला सांगितला. पडद्यावर गौतमी रबरी एप्रन घालून मांसखोलीच्या दारात उभी होती, हातात सुरा, मागे टेबलावर धड. ते उठले, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात आले.

"हे तू करतेस?"

गौतमीने भांडं खाली ठेवलं. "हो, नाना."

"रोज?"

"आठवड्यातून एकदा. गुरुवारी."

"माझा बाप हात मोडून घेऊन घरी बसला," ते म्हणाले, आवाज न चढवता, "आणि तू सात समुद्र ओलांडून तेच करायला आलीस. माझ्या नातीला ते कूल वाटतं."

"तेच नाहीये, नाना."

"मेलेलं जनावर आहे ना?"

"आहे."

"मग तेच आहे." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. "मी तुझ्यावर ओरडणार नाही. पण हे चालणार असेल तर मी या घरात राहणार नाही. मला तिकीट काढून दे."

मैत्रेय तोवर दारात आला होता. त्याने "नाना, बसा तरी" म्हटलं. ते बसले नाहीत. त्या संध्याकाळपासून यादवराव आपल्या खोलीत, गौतमी आपल्या, आणि मधल्या हॉलमध्ये टीव्ही एकटाच. दोन्ही माणसं खरी, दोन्ही हट्टी. नोकरी धरली तर म्हातारा रागाने जाणार आणि पुन्हा भेटणार नाही. म्हातारा धरला तर जे काम तिने दहा वर्षं झगडून मिळवलं ते जाणार, आणि वर ते घाण होतं असं मुलीसमोर कबूल केल्यासारखं होणार. गौतमीला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला भयंकर राग आला.

सज्जन माणसं घाबरली की फार नुकसान करतात. मैत्रेय सज्जन आहे. सोमवारी सकाळी त्याने बायकोला न विचारता उद्यानात फोन केला. मुख्य पालक मेरेआना हिला त्याने सांगितलं की आमच्या धर्मात आणि आमच्या समाजाच्या इतिहासात मेलेल्या जनावराला हात लावणं फार संवेदनशील आहे, घरात वडीलधारे आहेत, तेव्हा गौतमीला त्या कामातून सूट मिळाली तर बरं. मेरेआना माओरी, इथल्या मूळ लोकांतली. तिच्या घरी काही गोष्टी टापू असतात, त्यांना हात लावायचा नसतो, आणि त्या कुणी विचारायच्या नसतात, पाळायच्या असतात. तिला हे एका क्षणात समजलं. म्हणजे चुकीचं समजलं, पण अगदी मनापासून.

मंगळवारी गौतमी कामावर गेली तेव्हा मेरेआनाने तिला बाजूला घेतलं. "किया ओरा, बाई. बस." माओरीतला हा नमस्कार झाल्यावर तिने कॉफी दिली. मग हळू आवाजात म्हणाली, तू आधी सांगायचं होतंस. चार वर्षं आम्ही तुला ते करायला लावलं, मला फार वाईट वाटतंय. मांसखोलीच्या पाळीतून तुझं नाव काढलंय. तिकीट खिडकीवर जागा आहे, शाळेच्या मुलांचे वर्गही घे. डॉटला दुसरं कुणी वाढेल.

गौतमीला आधी काहीच कळेना. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्याने. तो फार काळजीने बोलत होता."

"बोलणारच! फार गुणी आहे तो!" हे ती मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत, शब्द शोधत, थांबत थांबत सांगितलं. मेरेआना, हे टापू नाही. आमच्या माणसांच्या गळ्यात हे काम घातलं होतं, जन्मावरून. एका गल्लीच्या, फक्त त्या गल्लीच्या. ते चूक होतं. आता तू तेच काम माझ्या हातातून काढून घेतेस, तेही जन्मावरूनच. मग फरक काय झाला?

मेरेआनाने आपला कप खाली ठेवला. ती घाईने सॉरी म्हणणाऱ्यांतली नव्हती. "मी तुला सांभाळायला गेले," ती म्हणाली, "आणि तुला न विचारता ठरवलं. ते माझं चुकलं. पण घरी जे आहे ते तुलाच बघावं लागेल. पुढच्या आठवड्याची पाळी उद्या दुपारी लागते. तोवर मला सांग."

घरी आल्यावर गौतमीने मैत्रेयला जे ऐकवलं त्यातलं सगळं इथे सांगण्यासारखं नाही. "तुझ्यासाठीच केलं ग मी, दोघांचं भांडण मिटावं म्हणून," तो म्हणत राहिला. "माझ्यासाठी काय करायचं ते मला विचारायचं, मैत्रेय! तुझ्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं, मलाही कुणी विचारायचं नाही का?" ते त्याला पटलं असावं, कारण त्याने स्वतःहून भांडी घासायला घेतली.

मग ती यादवरावांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. "नाना, तिकीट मी काढते. पण उद्या एकदा माझ्याबरोबर चला. काय आहे ते डोळ्यांनी बघा आणि मग जा."

"मला बघायची गरज नाही. मी दोर धरलेला आहे."

"म्हणूनच चला. बाकी कुणाला मी हे दाखवत बसणार नाही."

त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. "किती वाजता?" त्यांनी विचारलं.

बुधवार थंड आणि स्वच्छ होता. यादवरावांनी कोट घातला, मफलर बांधला, आणि उद्यानात गौतमीच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालले. दोन वाजता डॉटच्या कुंपणापाशी वीस-पंचवीस माणसं जमली. त्या दिवशी वाढायचं काम दुसऱ्या एका पालकाने केलं, गौतमीने फक्त माहिती दिली. यादवराव माणसांत मिसळले नाहीत. ते एका बाजूला कठड्याला धरून उभे होते. डॉट बिळातून आली, नाक वर करून हुंगली, आणि मांसाच्या तुकड्यावर तुटून पडली. कातडी, हाड, केस, काही सोडत नव्हती. मध्येच मान वर करून अशी किंचाळली की एक लहान मुलगी रडायला लागली.

माणसं पांगली तशी यादवराव म्हणाले, "काही टाकत नाही ती."

"नाही. रानात हिच्यामागे काही उरत नाही."

"आमच्याकडे गिधाडं असायची. आता तीही नाहीत म्हणे." ते डॉटकडे बघत होते. "नाव काय ठेवलंय हिचं लोकांनी? डेव्हिल?"

"हो."

"कुणीतरी काम करणार आणि नाव हे मिळणार." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. मग एकदम गौतमीकडे वळले. "तू मला बनवू नकोस. जनावराची दया येते मला. पण जनावर जनावर आहे, आपण माणसं आहोत. माझ्या बापाने नाही म्हटलं होतं."

गौतमीच्या मनात हे उत्तर दोन दिवस तयार होत होतं. "नाना, आजोबांनी नाही म्हटलं ते ढोराला नव्हतं. त्या हाकेला होतं. त्यांना कुणी 'ए' म्हणायचं आणि त्यांना जावं लागायचं. मला इथे कुणी 'ए' म्हणत नाही. मी अर्ज केला, परीक्षा दिली, हा विभाग मागून घेतला. उद्या नको वाटलं तर सोडून देईन, कुणी माझा हात मोडणार नाही. पण मला नको वाटत नाहीये! मला आवडतं हे काम. सगळ्या मांसाहारी पिशवीवाल्यांमध्ये मला ही सगळ्यात जास्त आवडते, आणि हिचं ताट मीच करणार. तुम्ही रागावून गेलात तरी करणार. तुम्ही गेल्यावर मी रोज रडेन आणि गुरुवारी इथे येऊन सुरा धरेन."

कठड्यावरचा हात यादवरावांनी खिशात घातला. "ती खोली कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मांसखोली डॉटच्या कुंपणाच्या मागे, काँक्रीटच्या वाटेने. दार उघडं होतं. आत पांढऱ्या केसांचा, उंच, लालबुंद चेहऱ्याचा एक गोरा माणूस गमबूट घालून जमीन धूत होता. जमिनीवरचं लालसर पाणी तो ब्रशने नाल्याकडे ढकलत होता. टेबलावर वॉलबीची उरलेली कातडी गुंडाळून ठेवली होती, ती त्याने उचलली, पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. मग यादवरावांना बघून मान हलवली आणि नळ बंद केला.

"हा कोण?" यादवरावांनी मराठीत विचारलं.

"डग्लस. इथले संचालक. सगळं उद्यान त्यांच्या हाताखाली आहे."

"मग ते इथे काय करतात?"

"बुधवार त्यांचा असतो, नाना."

यादवराव उंबरठ्यावरच थांबले. डग्लसने ब्रश खुंटीला लावला, हात धुतले, आणि पुढे येऊन ओला हात पँटला पुसून त्यांच्यापुढे केला. यादवरावांनी तो हात धरला. मेलेल्या जनावराची कातडी नुकतीच उचललेला तो हात त्यांनी धरला आणि पटकन सोडला नाही. डग्लस म्हणाला, तुमची सून फार चांगलं काम करते. यादवराव इंग्रजीत म्हणाले, "आय नो." डग्लस गेला.

भिंतीवर प्लास्टिकच्या पाटीत पुढच्या आठवड्याची पाळी लावली होती. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला असा कागद दिसला की तो वाचतोच. यादवरावांनी चष्मा बदलला आणि बोट ठेवून डावीकडून वाचलं. सोमवार, मेरेआना. मंगळवार, डॉक्टर हेलन, म्हणजे जनावरांची डॉक्टर. बुधवार, डग्लस. गुरुवारच्या चौकटीत काहीच नव्हतं. शुक्रवार, पुन्हा मेरेआना. शनिवार, हिशेबाच्या खोलीत बसणारा एक माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सगळे करतात?"

"सगळे. नवीन आलेला, जुना झालेला, सगळे. ज्याने नाही म्हटलं त्याला या विभागात घेत नाहीत."

"कुणाची गल्ली ठरलेली नाही."

"नाही, नाना."

"आणि गुरुवार?"

"गुरुवार माझा होता. मैत्रेयने फोन केला, तुमच्यासाठी. आमच्या लोकांना हे चालत नाही असं सांगितलं."

"आमच्या लोकांना." त्यांनी ते शब्द सावकाश उच्चारले, आणि त्यांचा चेहरा तिने गेल्या पंधरा वर्षांत कधी पाहिला नव्हता इतका कठोर झाला. "म्हणजे इथेही कुणीतरी आपल्याला वेगळं काढून बसवलं. आणि ते माझ्या मुलाने केलं." त्यांनी वाचायचा चष्मा काढला. "मला हे काम अजून आवडलेलं नाही, गौतमी. मरेपर्यंत आवडणार नाही. वास आला की मला वेस आठवते. ते तू बदलू शकणार नाहीस."

"नका आवडून घेऊ."

पाटीला दोऱ्याने मार्कर बांधलेला होता. गौतमीने तो घेतला. यादवराव पुढे बघतील की बाहेर जातील याची वाट तिने पाहिली नाही. गुरुवारच्या चौकटीत तिने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, गौतमी, आणि टोपण लावायला लागली.

"आडनाव?" मागून आवाज आला.

"इथे कुणी आडनाव लिहीत नाही, नाना. बघा ना, सगळ्यांची नुसती नावं आहेत."

"त्यांना लिहायची गरज नाही," यादवराव म्हणाले. "तू लिही."

तिने वळून पाहिलं. ते उंबरठ्याच्या आत आले होते, ओल्या जमिनीवर, इस्त्रीच्या कोटात, पाठ ताठ.

"पूर्ण लिही. वाचता येईल असं."

गौतमीने पुन्हा टोपण काढलं आणि ओव्हाळ लिहिलं. चौकट लहान होती, त्यामुळे शेवटची दोन अक्षरं शुक्रवारात गेली.